गीझरखालचा पांढरा एल्बो

दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या पहाटेच आमच्या गीझरखालचा एल्बो, म्हणजे पाइपला वळण देणारा जोड, फुटला. आई आत आंघोळीला बसली होती. कढत पाण्याची धार तिच्यापासून हातभर अंतरावर भिंतीवर आपटत होती. मेन व्हॉल्व्ह बंद करून आले तर माझे हात थरथरत होते. त्या दिवसापासून न्हाणीघरातलं किरकोळ प्लंबिंग मी स्वतःच करते.

फुटलेला एल्बो काढून पाहिला तर पांढरा, यूपीव्हीसी प्लास्टिकचा. ती थंड पाण्याची वस्तू. तिचे पाइप 45 अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतात. गीझरचं पाणी सहज साठाच्या पुढे जातं. एल्बो एका बाजूने फुगला होता आणि आट्यांपासून केसाएवढी चीर निघाली होती. खालची लाइन मात्र बरोबर होती, पिवळसर सीपीव्हीसीची, 93 अंशांपर्यंत चालणारी.

मग हा पांढरा तिथे आला कसा? चिकटवायच्या जॉइंटला असा घोटाळा सहसा होत नाही, कारण अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप बाहेरून साधारण 15.9 मिमी असतो आणि यूपीव्हीसी 21.3 मिमी. एकमेकांत बसतच नाहीत. पण आटे सगळ्यांचे सारखे. आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी हाताला लागला तो एल्बो पिळून दिला होता.

दुकानातही तेच ऐकलं, "आटे बसतायत ना ताई, मग झालं." मी ऐकलं नाही. गीझरला पितळी एल्बो आणि त्यात सीपीव्हीसीचा पितळी आट्यांचा अॅडॉप्टर घेतला; दुकानात त्याला एमएबीटी म्हणतात. पाइपवर आयएस 15778, म्हणजे सीपीव्हीसी पाइपच्या भारतीय मानकाचा क्रमांक, छापलेला बघून घेतला. चिकटवायचं सोल्युशनही सीपीव्हीसीचंच.

टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने घट्ट होतात त्याच दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर पिळताना गोळा होऊन बाहेर येते. पाइप काटकोनात कापायचा, कडेचा कीस काढायचा, सोल्युशन लावून पाव वळसा देत आत ढकलायचा आणि अर्धा मिनिट तसाच दाबून धरायचा. हे अर्धं मिनिट फार लांब वाटतं, पण सोडलं की पाइप हळूच मागे सरकतो. पाणी दुसऱ्या दिवशी सोडलं. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, ते संध्याकाळपर्यंत कोरडं.

हे सांगितलं म्हणून शेजारच्या काकांनी त्यांचा गीझर दाखवला. थंड पाण्याच्या बाजूच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून त्यांनी त्याच्या तोंडाला एंड कॅप लावलेला! आटे बसले होते ना. पाणी तापलं की फुगतं, जास्तीचा दाब त्याच तोंडातून बाहेर पडतो. ते बुजवलं तर टाकी फुटू शकते. मी गीझर बंद करायला लावला, तो थंड झाल्यावर कॅप काढला आणि तोंडाला एक नळी लावून बादलीत सोडली. काकू त्या पाण्यावर तुळस जगवतात.