चूक त्याची, हेल्मेट माझं

"हेल्मेट कुठंय तुझं?" हा प्रश्न काच खाली करून, लालबुंद चेहऱ्याने मला विचारणारा गृहस्थ त्याच्या दहा सेकंद आधी मला उडवायच्या बेतात होता.

झालं असं की मी ऑफिसला सायकलवर चाललो होतो, सिग्नल हिरवा, सायकलची वेगळी पट्टी, सगळं कायदेशीर. इकडे जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये, बऱ्याच चौकात सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याला आणि उजवीकडे वळणाऱ्या गाडीला एकाच वेळी हिरवा मिळतो, आणि वळणाऱ्याने थांबायचं असतं, सायकल असो की पायी चालणारा, आधी त्याला जाऊ द्यायचं. यासाठी खांद्यावरून मागे वळून बघायचं, नुसत्या आरशावर भागत नाही. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तो वळून बघण्याचा प्रकार विसरलात की परीक्षक तिथल्या तिथे नापास करू शकतो. तर या गृहस्थाने बघितलं नाही. मी करकचून ब्रेक मारला, त्यानेही मारला, आणि त्याचं बॉनेट माझ्या पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर थांबलं.

मला वाटलं आता हात वर करून सॉरी म्हणेल. तर आधी लांबलचक हॉर्न. मग काच खाली. मग हेल्मेट.

आता गंमत अशी की जर्मनीत सायकलवाल्याला हेल्मेट सक्तीचं नाहीच. म्हणजे माझ्याकडून नियम वगैरे काही मोडला गेला नव्हता. पण त्या बिचाऱ्याला त्या क्षणी माझी एक तरी चूक हवी होती आणि वरपासून खालपर्यंत नजर टाकल्यावर डोक्यावर काही दिसलं नाही, सापडली एकदाची. आणि विचारलं कोणाला, तर पुणेकराला! 2019 च्या जानेवारीत आपल्याकडे हेल्मेटसक्ती सुरू झाली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते, आंदोलनं झाली, तुम्हाला आठवत असेलच. त्या गावच्या माणसाला हेल्मेटवरून बोलायचं म्हणजे कमाल आहे.

मी काहीच बोललो नाही. जर्मनमध्ये भांडता येण्याइतकं जर्मन मला अजून येत नाही, आणि मराठीत भांडून उपयोग नव्हता. तेवढ्यात फुटपाथवरच्या एक आजी, हातात भाजीची पिशवी, सरळ त्याच्या खिडकीपाशी गेल्या आणि त्याला म्हणाल्या की सिग्नल मी पण बघितलाय, तुम्ही वळत होता, तो सरळ जात होता. आवाज चढवला नाही की काही नाही. तो काहीतरी पुटपुटला, काच वर, आणि गेला. आजींनी मला विचारलं लागलं का कुठे, मी नाही म्हटलं, त्या पण गेल्या. आपल्याकडे एव्हाना चाळीस माणसं जमली असती आणि त्यातल्या अर्ध्यांनी त्याची बाजू घेतली असती, हे मान्य करायला मला जड जातंय पण ते खरंय.

तेव्हापासून मी या प्रकाराकडे जरा लक्ष देऊन बघायला लागलो आणि हे लोण सगळीकडे आहे. आमच्या घरामागे ताशी तीसच्या मर्यादेचा भाग आहे, बारीक बारीक गल्ल्या, चौकात बोर्ड नाही सिग्नल नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याचा पहिला हक्क. सोपा नियम. रोज संध्याकाळी कोणीतरी डावीकडून सुसाट येतं, उजवीकडून येणारी गाडी दिसल्यावर कचकन थांबतं, आणि मग हा थांबलेला माणूसच कपाळावर बोट आपटून समोरच्याला 'डोकं ठिकाणावर आहे का' असं दाखवतो. समोरच्याने काय केलेलं असतं? तर तो नियमाने आलेला असतो! मी गॅलरीत चहा पीत हे बघतो. चांगली करमणूक आहे.

आणि हे असं बोट दाखवणं इथे फुकट नाहीये बरं का. अपमान हा फौजदारी गुन्हा आहे, जर्मन दंडसंहितेचं कलम 185, आणि गाडीतून केलेल्या खाणाखुणा पण त्यात येतात. मधलं बोट दाखवलं आणि समोरच्याने तक्रार केली तर दंड हजारो युरोंत जाऊ शकतो, शिवाय तो तुमच्या कमाईवर मोजतात, म्हणजे कोर्ट सांगतं इतक्या दिवसांची कमाई, ज्याचा पगार जास्त त्याचं बोट महाग. त्यामानाने हॉर्न स्वस्त, विनाकारण वाजवला तर दहा युरोच्या आसपास. शहरात हॉर्न फक्त धोका असेल तरच वाजवायचा असा कायदा आहे, त्यामुळे इथे कोणी हॉर्न वाजवला की तो आपल्यासारखा 'आलो हं' असा नसतो, ती सरळ शिवी असते. पहिले काही महिने माझ्यावर कोणी हॉर्न वाजवला की दिवसभर डोक्यातून जायचं नाही.

ऑफिसमधल्या जर्मन सहकाऱ्याला मी हेल्मेटची गोष्ट सांगितली तर त्याने अत्यंत गंभीरपणे विचारलं, नंबर लिहून घेतलास का? वेळ? साक्षीदाराचं नाव? मी म्हटलं अरे मी पडलोसुद्धा नाही. तो म्हणाला त्याचा काय संबंध, तक्रार कर, ऑनलाइन होते. मग मी डॅशकॅमचं विचारलं, सायकलला लावला तर? त्यावर तर अर्धा तास व्याख्यान झालं. इथे रस्त्यावर सारखं रेकॉर्डिंग करत फिरणं हे खासगीपणाच्या कायद्यात बसत नाही, पण 2018 मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने सांगितलं की तरीही अपघाताच्या दाव्यात ते पुरावा म्हणून चालू शकतं. म्हणजे काढायचं नाही पण काढलं असेल तर दाखवता येईल. असलं लॉजिक आपल्या कुठल्या ऑफिसात ऐकवलं असतं तर आपणच नावं ठेवली असती, जर्मनीत ऐकलं की मान डोलावतो.

तक्रार मी केली नाही. परक्या देशात कुठे त्या पोलिसांच्या भानगडीत पडा, आणि सहकाऱ्याला हे सांगता येत नाही पण मनात एक दुसरं पण होतं, की तो माणूस माझ्या रंगावर गेला का. हे येतंच मनात, इथे राहणाऱ्या कोणालाही विचारा. सहकाऱ्याला आडून विचारलं तर तो म्हणाला छे, मला पण ओरडतात, माझ्या आईला पण ओरडतात. त्याच्या आईचं वय ऐकून मला जरा बरं वाटलं, हे काही चांगलं लक्षण नाही.

माझं मत विचाराल तर यांचा प्रॉब्लेम हा आहे की यांना लायसन फार महागात पडतं. दोन-तीन हजार युरो सहज जातात, थिअरीचे हजारावर प्रश्न पाठ करायचे, परीक्षेला तीस येतात, पाच-पाच मार्कांचे दोन चुकले की घरी. सध्या बायको त्यातूनच जातेय कारण आपलं भारतातलं लायसन इथे सहा महिन्यांपुरतं चालतं, मग दोन्ही परीक्षा नव्याने, अकरा वर्षं सिंहगड रोडला गाडी चालवलेल्या बाईला गाडी कशी वळवायची ते एक चोवीस वर्षांचा पोरगा शिकवतोय. तर एवढं सगळं करून लायसन मिळवलेल्या माणसाला चौकात, चार लोकांसमोर, आपण चुकलो हे कळतं तेव्हा ते त्याला पचत नाही. मग समोरच्यात चूक शोधायची. आणि इथे नियमच इतके आहेत की शोधली तर सापडतेच, घंटी नाही, लाइट लावला नाही, हात दाखवला नाही, आणि काहीच नाही मिळालं तर हेल्मेट.

आपल्याकडे चुकलेला माणूस नियमाकडे जात नाही, तो वशिल्याकडे जातो. 'ओळखतोस का मी कोण आहे', 'थांब फोन लावतो'. उलट्या बाजूने येऊन तुम्हाला ठोकतो आणि वर 'दिसत नाही का' तुम्हालाच विचारतो. आवाज जास्त, पण मला तरी त्यात एक मोकळेपणा वाटतो, आपण बरोबर आहोत असा त्याचा दावाच नसतो मुळी, तो फक्त मोठा कोणीतरी आहे असा दावा असतो. दोन मिनिटं आरडाओरडा, कोणीतरी 'जाऊ द्या हो' म्हणतं, संपलं. धाकटा भाऊ म्हणतो दादा तू बाहेर गेल्यापासून इथलं काहीतरीच आठवतोस, परवा आमच्या सोसायटीसमोर स्टंप घेऊन उतरले होते. असेल. पण तो लहानपणापासूनच जरा वाढवून सांगतो.

हाच सहकारी मागच्या वर्षी चाकणला दोन आठवडे प्लांटच्या कामाला जाऊन आला. आल्यावर सगळ्यांना सांगत होता की तिथे दिवसभर हॉर्न वाजतात, कोणी कुठूनही घुसतं, पण कोणी चिडलेलं दिसलं नाही, सगळे शांतपणे घुसतात. मला इतका अभिमान वाटला की मी त्याला कॉफी पाजली. कंपनीची एसी गाडी, काचा बंद, हॉटेल ते प्लांट आणि प्लांट ते हॉटेल, बाहेर काय बोलतायत ते त्याला मराठीत कळायचं काही कारण नव्हतं, आणि मी काही समजावून सांगायला गेलो नाही.