विरोधी बाकावरचे आबासाहेब

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत शाळेविषयीच लिहावे, हा संपादक मंडळाचा आग्रह मला मान्य आहे. परंतु १९७४ ते १९८० या माझ्या शालेय वर्षांतून कै. गणपतराव देशमुख वेगळे काढता येत नाहीत. सांगोला तालुक्यात त्यांना कोणी पूर्ण नावाने संबोधत नसे. ते सर्वांचे आबासाहेब होते.

मी पाचवीत आलो ते वर्ष पोटनिवडणुकीचे होते. १९६२ मध्ये शेतकरी कामगार पक्षातर्फे प्रथम निवडून आलेले आबासाहेब १९६७ मध्ये पुन्हा विजयी झाले, १९७२ मध्ये पराभूत झाले आणि लगोलग तो मोठा दुष्काळ आला. माझे वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि तेथे मिळणारी सुकडी आम्ही भावंडे वाटून खात होतो. अशा दिवसांत, हाती आमदारकी नसताना, मजुरीच्या तक्रारी घेऊन लोक ज्यांच्याकडे जात ते पडलेले उमेदवार होते, हे वडिलांच्या बोलण्यात वारंवार येत असे. १९७४ मध्ये ते पुन्हा निवडून आले, तेव्हा वडिलांना झालेला आनंद मला पहिलीतल्या नंबरापेक्षा अधिक आठवतो.

आठवीत नागरिकशास्त्राच्या गुरुजींनी एक प्रश्न घातला होता : सरकार ज्यांचे नाही, त्या आमदाराने काय करावे? वर्गात कोणी म्हणाले, भांडावे. कोणी म्हणाले, मोर्चा काढावा. गुरुजी म्हणाले, "आधी वाचावे." आबासाहेब व्यवसायाने वकील होते आणि अर्थसंकल्पाची पुस्तके बारकाईने वाचून सभागृहात उभे राहणारे आमदार अशी त्यांची ख्याती होती, याचा संदर्भ त्या उत्तराला होता, हे मला फार उशिरा उमगले. पुढे नववीत असताना, जुलै १९७८ मध्ये, पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले आणि आबासाहेब मंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त झाले, तेव्हा आम्ही शालान्त परीक्षेच्या तयारीत होतो आणि गुरुजींचा प्रश्न जणू पुन्हा फळ्यावर आला होता.

त्यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण एसटीने प्रवास करणाऱ्या साध्या आमदाराचे चित्र रेखाटतात. ते चित्र खरेच आहे, मात्र साधेपणाच्या कौतुकात त्यांचे खरे काम झाकले जाते, अशी माझी तक्रार आहे. साधी माणसे आपल्या तालुक्यात पुष्कळ होती. माण नदी वर्षातील बहुतेक महिने कोरडी असणाऱ्या प्रदेशाला कृष्णेचे पाणी मिळाले पाहिजे, ही एकच मागणी अनेक सरकारांपुढे न थकता मांडत राहणे, हे साधेपणाचे नव्हे, चिकाटीचे काम होते. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत आटपाडीच्या पाणी परिषदांतून तेरा दुष्काळी तालुक्यांची जी चळवळ उभी राहिली, तीत आबासाहेब पुढे होते. टेंभू आणि म्हैसाळ या कृष्णेचे पाणी उचलून आणणाऱ्या उपसा सिंचन योजनांची नावे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. तथापि पाणी प्रत्यक्ष शिवारात यायला एक पिढी गेली, आणि त्या पिढीतील आमच्यापैकी अनेक जण तोवर पुण्या-मुंबईला स्थायिक झाले होते, हेही नोंदवले पाहिजे. तालुक्यात कारखानदारी फारशी आली नाही, हा त्यांच्यावरील आक्षेप मला निराधार वाटत नाही. कापसाचा तालुका नसताना उभारलेली आणि राज्यातील अनेक सहकारी गिरण्या बंद पडत असताना चालू राहिलेली सूतगिरणी हे त्या आक्षेपाला त्यांचे उत्तर होते, परंतु ते अर्धेच उत्तर होते.

१९९५ ची निवडणूक ते अवघ्या १९२ मतांनी हरले. शहाजीबापू पाटील विजयी झाले. त्या वर्षी गावी आलो असता पारावर प्रत्येक जण त्या १९२ मतांचा हिशेब मांडताना दिसला. कोणाच्या वाडीवरची माणसे मतदानाला आली नाहीत, कोणाचा पाहुणा ऐनवेळी फिरला, याची उजळणी संपता संपत नव्हती. १९९९ मध्ये त्यांनी जागा परत मिळवली, विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले आणि २०१४ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, अकराव्यांदा विधानसभेवर निवडून गेले. एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षातर्फे! पक्षांतराच्या आजच्या दिवसांत यातील दुसरा भाग मला अधिक दुर्मीळ वाटतो.

२८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली. ज्या स्थानकावरून आम्ही पोटासाठी गाव सोडले, तेथून डाळिंबांसारखा शेतमाल चाललेला दूरदर्शनवर पाहताना मला वडील आठवले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात आबासाहेबांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी सूतगिरणीच्या आवारात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. मी जाऊ शकलो नाही. त्या संध्याकाळी आठवीच्या वर्गातील एका मित्राचा दूरध्वनी आला. बराच वेळ कोणीच बोलले नाही, मग त्याने विचारले, "गुरुजींचा तो प्रश्न तुला आठवतो का रे?"