विटांवरची जिप्सी आणि ‘नाळे बर्री’

नवे टायर हातात पडल्याशिवाय जुने देऊन टाकू नका. बाकीचं सगळं सांगतोच, पण कोणी अर्ध्यात वाचायचं सोडलं तर निदान एवढं तरी घेऊन जावं. मी दिले, आणि आमची जिप्सी एक्केचाळीस दिवस अंगणात विटांवर बसली. शेजारच्या कोंबड्यांनी तिच्याखाली संसार थाटला.

गाडी २००३ ची, मारुतीची जिप्सी किंग, तेराशे सीसीची. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीच्या जिप्स्या बघत मोठं झालेल्या माणसाला दुसरी कुठली गाडी डोळ्यात भरत नाही, हा आमचा जुना रोग. पण हौस हे एकच कारण नव्हतं. जांबोटीच्या पुढे आमची काजूची बाग आहे. डांबर सोडलं की दीड किलोमीटर जांभ्याची वाट आणि मध्ये एक ओढा. पावसात ट्रॅक्टर जाऊन जाऊन दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्या खोल होतात आणि मधे उंचवटा राहतो. त्या उंचवट्यात एक दगड आहे. गाडीच्या मागच्या डिफरन्शियलचा गोळा (दोन चाकांच्या मधोमध खाली लोंबणारा गिअरचा डबा) दर पावसाळ्यात त्या दगडाला एकदा तरी भेटायचाच. तो ‘खर्रर्र’ आवाज ज्याने स्वतःच्या गाडीखालून ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको.

म्हणून गाडी उंच करायची ठरवली. उंच करायची म्हणजे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, चढवायचे, एवढीच माझी अक्कल. आमच्या मिस्त्रींनी जमिनीवर खडूने दोन चाकं, मधे त्यांना जोडणारा ॲक्सल आणि वर चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, काढली आणि म्हणाले, “पाटे उचलले की काय वर जातंय? चेसिस. गोळा कुठं आहे? ॲक्सलला. ॲक्सल कशावर आहे? चाकावर. मग दगड लागायचा थांबंल कसा?” पन्नाशीला आलेल्या माणसाला खडूने शिकवावं लागलं, पण कायमचं कळलं. गोळा वर न्यायचा तर चाकच मोठं पाहिजे. लिफ्ट करायची ती त्या मोठ्या चाकाला मडगार्डखाली जागा मिळावी म्हणून. म्हणजे टायर आधी ठरवायचे, पाटे नंतर. मी हे ऐकून मान डोलावली आणि टायर हातात येण्याआधीच पाटे चढवून बसलो, ते पुढे येईल.

हेस्कॉमच्या वीजबिलाच्या मागे हिशोब मांडला. कंपनीचा टायर २०५/७० आर १५, म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, तिच्या सत्तर टक्के उंची, ती वरून आणि खालून दोनदा, अधिक पंधरा इंची रिम. उंची आली ६६८ मिलिमीटर. बोलेरोचं माप २१५/७५ आर १५ घेतलं तर ७०३. त्याच्यावरचं २३५/७५ घेतलं तर ७३३. ॲक्सल वर जातो तो या फरकाच्या निम्माच, कारण उरलेला निम्मा चाकाच्या वरच्या बाजूला जातो. बोलेरोच्या मापाने सतरा-अठरा मिलिमीटर, २३५ ने तेहेतीस. भाच्याला ३१ इंची हवे होते. त्याला म्हटलं, बाबा, हे इंजिन ऐंशी हॉर्सपॉवरचं आहे, चाक अठरा टक्क्यांनी मोठं केलं तर चोर्ला घाटात दुसरा गिअर सुटायचा नाही. शिवाय स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की टायर पाट्याला घासणार. तो आठ दिवस रुसला.

मिस्त्री म्हणाले, बोलेरोचं माप घ्या. मला अठरा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटलं. अंगठ्याच्या रुंदीएवढ्यासाठी एवढा खर्च कोण करतं? मी २३५ ठरवले. ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींना चालणाऱ्या नक्षीचे, कारण चिखलाचे मोठ्या गोटीचे टायर डांबरावर भुणभुणतात आणि लवकर झिजतात, आणि आमचा ऐंशी टक्के रस्ता खानापूर-बेळगाव डांबरीच आहे.

पाट्यांचं काम दोन दिवसांत झालं. ते एप्रिलमध्येच उरकून घ्या. कारखाने सुरू झाले की पाटेवाल्याकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, मग तुमची जिप्सी तो कशाला हातात घेईल? जुन्या पाट्यांना कमान भरून घेतली, प्रत्येक जुडग्यात एक पाटा वाढवला, बुश नवे घातले. दीड ते दोन इंच मिळाले. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी कडी) घालून स्वस्तात उंची मिळते, पण शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी एकच इंच वर जाते. पुढच्या बाजूला तर ॲक्सलचा कल बदलतो आणि सरळ रस्त्यावर स्टीअरिंग भटकायला लागतं. जिप्सीचे पाटे मुळात ॲक्सलच्या खालून जातात. ते वरून घेतले की एकदम पाचेक इंच मिळतात. फोटोत गाडी झकास दिसते, पण प्रॉपेलर शाफ्टचा कोन, ब्रेकचे पाईप, ड्रॅग लिंक सगळं बदलत बसावं लागतं, आणि जोर लावला की ॲक्सल पिळतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारे बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दंड एका बदलाला पाच हजार. पंधरा वर्षं झालेल्या गाडीला दर पाच वर्षांनी तपासणीला उभं राहायचं असतं, तेव्हा आपण बेतानेच राहिलेलं बरं. शॉकअप मात्र लांब घातले. जुने ठेवले तर ते आधी ताणून संपतात आणि चाक खाली उतरतच नाही, मग नवे पाटे असून नसल्यासारखे. ब्रेकचे रबरी पाईपही चाक लटकवून तपासा, ताण येतो.

आता टायरचं.

दुकानाचं नाव आणि गाव सांगत नाही. २०२४ चा मे, तारीख २. दुकानदार फार गोड माणूस. “२३५ ना? परवा येतील. जुने इथंच ठेवा की ओ, पाचही घेतो, बिलात कमी करतो.” मी पाच जुने टायर काढून दिले, वर पाच हजार आगाऊ दिले आणि रिमा घेऊन टेम्पोने घरी आलो. जिप्सी विटांवर. (विटा वापरू नका, गॅरेजात मिळते ती लोखंडी घोडी आणा. तिसऱ्या आठवड्यात एक वीट तडकली आणि मागची बाजू बोटभर खचली. खाली कोणी नव्हतं म्हणून बरं, कोंबड्या सोडून.)

परवा फोन केला. “७ तारखेला मतदान हाय, तोवर ट्रान्सपोर्ट ढिलं.” पटण्यासारखं होतं. ८ ला फोन केला. “सोमवारी.” कुठला सोमवार ते विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. दोन सोमवार गेले. मग मी प्रत्यक्ष जाऊन बसायला लागलो. दुकानाबाहेर एक बाकडं होतं, त्यावर माझ्यासारखे आणखी दोघं-तिघं असायचे. मराठी गिऱ्हाईक आलं की मालक म्हणायचे “उद्या या”, कन्नड आलं की “नाळे बर्री”. बाकी या सीमाभागात कशावरूनही वाद होवो, त्या दुकानात भेदभाव अजिबात नव्हता.

लहानपणी आमच्याकडे दारांवर ‘नाळे बा’ लिहिलेलं असायचं. रात्री भूत येऊन कडी वाजवतं, दारावर ‘उद्या ये’ वाचतं आणि मुकाट परत जातं, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. बाकड्यावर बसून एक दिवस माझ्या लक्षात आलं की या गोष्टीतलं भूत मी आहे.

मेच्या शेवटी फोन आला, “चार आलेत, या.” धावत गेलो. चारातले दोन ऑल टेरेन आणि दोन साधे रस्त्याचे, वेगळ्याच कंपनीचे. मालक म्हणाले, “पुढं हे, मागं ते. माप एकच की!” माप छापलेलं एकच असतं, पण दोन कंपन्यांचा टायर फुटपट्टी लावली तर सारखा भरेलच असं नाही. जिप्सी फोर व्हीलमध्ये टाकली की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधले जातात, मधे फरक सोसणारं काही नसतं. चाकांची उंची कमी-जास्त असली की सगळा पीळ ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरबॉक्सवर) आणि शाफ्टच्या क्रॉसवर येतो. म्हणून चारही एकसारखे, आणि स्टेपनीही त्याच मापाची. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि चहा मागवला. चहा चांगला असायचा, हे कबूल करतो.

मग “रिझल्ट लागू दे.” ४ जूनला तोही लागला. त्यानंतर पाऊस लागला. बागेत खत पोचवायचं होतं, ते भाड्याच्या ट्रॅक्टरने नेलं. बायको एकदाही काही बोलली नाही. फक्त सकाळी अंगण झाडताना जिप्सीच्या चारही बाजूंनी झाडायची आणि माझ्याकडे बघायची.

१० जूनला पाच आले. पाचही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. मुलगा पहिला टायर रिमवर चढवायला लागला आणि मी सहज म्हटलं, जरा उलटा कर. त्याने मालकाकडे पाहिलं. तेवढ्यानेच माझ्या पोटात गोळा आला. बहुतेक टायरवर तारीख एकाच बाजूला असते, चार आकडे, लंबगोल चौकटीत. बोटाने धूळ पुसली, मोबाईलची बॅटरी मारली: ३११८. म्हणजे २०१८ सालचा एकतिसावा आठवडा. पाच टायर सहा वर्षं कुठल्यातरी गोडाऊनमध्ये पडून होते. नक्षीच्या खोबणीत नख दाबलं तर बारीक भेगा दिसत होत्या. नवा माल म्हणून, नव्याच्या भावात. मालक म्हणाले, “वापरलेले नाहीत ना? मग नवेच की.”

त्या दिवशी मी आवाज चढवला. मला त्याचं वाईट वाटत नाही. आगाऊतले तीन हजार रोख परत मिळाले, दोन हजारांचं इंजिन ऑईल घ्यावं लागलं. जुने टायर केव्हाच विकले गेले होते.

घरी येऊन कोल्हापूरच्या मावसभावाला फोन केला. २३५ त्याच्याकडेही लगेच नव्हते. “दादा, बोलेरोचं माप पाहिजे तेवढं आहे,” म्हणाला. मी पाच सेकंद गप्प बसलो आणि हो म्हटलं. पाचही टायरच्या आकड्यांचे फोटो आधी मागवले, सगळे २०२४ चेच निघाले, मग पैसे पाठवले. दुसऱ्या दिवशी भाजी उतरवून परत येणाऱ्या टेम्पोतून टायर निपाणीवरून घरी. एक दिवस! मिस्त्रींना सांगायला जाताना मान खाली होती. ते एवढंच म्हणाले, “टायर फाटला तर खानापुरात पण मिळतंय हे माप.” एक्केचाळीस दिवस मी जे शोधत होतो त्यात ही गोष्ट धरलीच नव्हती.

तेव्हा २३५ साठी चढवलेले पाटे आणि २१५ चे टायर, अशी ही गाडी आहे. मडगार्डखाली गरजेपेक्षा जास्त मोकळं दिसतं, भाच्याला ते आवडतं. वळणावर पूर्वीपेक्षा झुकते, घाटात हात सांभाळून. काटा साठ दाखवतो तेव्हा खरा वेग त्रेसष्ट असतो. डांबरावर हवा २६ ठेवतो, बागेच्या वाटेला लागलो की १८ वर आणतो. परतताना भरायला छोटा कॉम्प्रेसर सीटखाली आहे. हवा उतरवून डांबरावर पळवू नका, टायर तापतो. आणि भीमगडच्या बाजूचं जंगल हे उंच गाड्यांचं मैदान नव्हे, तिथे परवानगीशिवाय शिरू नये.

दगडावरून पहिल्यांदा गेलो तेव्हा भाच्याला खाली उतरवून बघायला लावलं. गोळ्याखाली त्याचं एक बोट आडवं जात होतं. मागचा ओरखडा दगडावर अजून आहे, गंजाच्या रंगाचा.

अरे हो, पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे असतात. माझे दोन जवळजवळ अर्धा आटा सैल निघाले.