त्यात बाईच नाही, मग बघायचं काय?

थाई मालिका का बघता, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी होऊन काढत नाही. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या ओळखीच्या बाईनंही विचारलं, "मॅडम, तुम्ही ते थायलंडच्या पोरांचं काहीतरी बघता म्हणे?" मग आवाज खाली आणून, "दोन पोरंच ना त्यात?" माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, आवाज वगैरे खाली आणत नाहीत. त्या सरळ विचारतात, "त्यात बाईच नाही, मग बघायचं काय?"

मी चोपन्न वर्षांची. कराडजवळच्या शाळेत मराठी शिकवते. घरी नवरा, दोन मुली, एक कायम उपाशी असलेलं मांजर. म्हणजे थाई कॉलेजकुमारांच्या प्रेमात गुंतायला तसं काही कारण नाही.

लागण झाली ती २०२० साली. शाळा बंद, धाकटी दिवसभर फोनमध्ये, आणि अधूनमधून उशीत तोंड खुपसून किंचाळायची. काय बघतेस म्हणून डोकावले, तर ‘२गेदर’, दोन पोरांच्या प्रेमाची थाई मालिका. दर शुक्रवारी नवा भाग यायचा, यूट्यूबवर चार तुकडे करून, फुकट. टाइन नावाचा देखणा, थोडा बावळट मुलगा. ग्रीन नावाचा दुसरा मुलगा त्याच्या मागे लागलाय. त्याला टाळायला टाइन तिसऱ्याला गळ घालतो, तू माझा खोटा खोटा प्रियकर हो. तिसरा म्हणजे सारावत. गिटार वाजवणारा, फुटबॉल खेळणारा, कुणाशी फारसं न बोलणारा. पुढे काय होणार ते कळायला काही अक्कल लागत नाही. तेरा भाग बघितले. मे महिन्यात ते संपले तेव्हा घरात दोन माणसं किंचाळत होती.

पहिल्यांदा मला धरून ठेवलं ते प्रेमानं नाही, शब्दांनी. सारावत म्हणजे थाईत चक्क पोलीस इन्स्पेक्टर, आणि त्याच्या धाकट्या भावाचं नाव फूकाँग, तेही एक हुद्द्याचंच नाव. आपल्याकडे एखाद्यानं पोरांची नावं फौजदार आणि हवालदार ठेवावीत तसं. मग कानाला चाळाच लागला. विद्यापीठाला ते म्हणतात ‘महाविथ्थयालय’. या मालिकांत इंजिनिअरिंगची पोरं फार, आणि त्या शाखेला ते म्हणतात ‘विसवा’. वही काढून शोधलं तर मूळ शब्द ‘विश्वकर्म’! आर्किटेक्चरला ‘सथापत’, म्हणजे आपलं स्थापत्य. एका नायकाचं नाव आर्थित, तो आदित्य. दुसऱ्याचं प्रान, तो प्राण. बोटीतून उतरावं आणि परक्या बंदरात आजोळचं कुणी भेटावं, तसं झालं मला.

पण अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर यात नाही. त्यासाठी ‘बॅड बडी’ या दुसऱ्या मालिकेकडे यायला हवं. ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२, बारा भाग. पॅट आणि प्रान. घरं भिंतीला भिंत, दोन्हीकडे बांधकामाच्या सामानाचाच धंदा, आणि दोन्ही घरांचं जुनं वैर. पोरांना लहानपणापासून एकच शिकवण, शेजारच्यापेक्षा एक मार्क तरी जास्त आण. भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या गल्लीत पन्हळीच्या पाण्यावरून एकवीस वर्षं दोन घरं बोलत नाहीत. पुढे कॉलेजात पॅट विश्वकर्म्याच्या गोटात, प्रान स्थापत्याच्या, आणि त्या दोन गोटांत कायमची मारामारी. दोघं सगळ्यांसमोर शत्रू. पण राहायच्या खोल्या एकाच इमारतीत, समोरासमोर.

पॅट दणकट गडी, रग्बी खेळतो, आणि त्याला झोपताना एक जुनापुराणा बाहुला लागतो. बाहुल्याचं नाव ‘नाँग नाओ’. नाँग म्हणजे धाकटं भावंड, नाओ म्हणजे कुजकं, वास मारणारं. माझी थोरली सहा वर्षांची होईपर्यंत एका गोधडीचा कोपरा नाकाशी धरून झोपायची. ती गोधडी धुतली की रडून घर डोक्यावर घ्यायची. आपल्याकडे त्या गोधडीला नाव नसतं, त्यांच्याकडे असतं. एवढ्या थोराड पोराला लेखकानं ती गोधडी दिली, तिथे मी त्या मालिकेची झाले.

पाचव्या भागाच्या शेवटी रात्री गच्चीवर ते एकमेकांचं चुंबन घेतात. आधीचे चार भाग नुसती भांडणं, टोमणे, चोरून बघणं. कळायला लागल्यापासून जे नाकारलं ते एका मिनिटात बाहेर येतं. आणि लगेच प्रान डोळे भरून निघून जातो. आनंद झालेला माणूस पळून का जातो, हे त्या क्षणी कुणी समजावत नाही. मी आणि धाकटी आठवडाभर त्यावर बोलत होतो. घरातले आमच्यापासून जरा लांब बसत होते.

आता अक्कांचं उत्तर. त्यात बाई नाही, म्हणूनच बघते.

टीव्हीवर मुलगा-मुलगीचं प्रेम बघताना माझं डोकं शांत बसत नाही. दोघं पावसात भिजत असतात आणि मी हिशोब करत असते. हिची नोकरी राहील का? ह्याची आई कशी आहे? हिला पोळ्या येतात का, हे विचारायला कोण येणार? पहिल्या गाण्यालाच मला त्या पोरीची सून झालेली दिसते. पंचवीस भागांनी ती खरंच होते, आणि मग पुढची चार वर्षं डायनिंग टेबलाशी उभी. पॅट आणि प्रान यांत कुणीच कुणाची सून होणार नाही. कुणी कुणाचं आडनाव लावणार नाही. पहिल्यांदाच मला नुसतं प्रेम बघता आलं, त्याच्या मागून येणारं भांड्यांचं खरकटं न बघता. दोघंही लाजतात, दोघंही भांडतात, दोघांनाही मागे वळून बघायची परवानगी.

यात एक फार आतली गोष्ट आहे, ती इंग्रजी सबटायटल वाचून कळत नाही. थाईत ‘मी’ आणि ‘तू’साठी ढीगभर शब्द. जिवलग किंवा वैरी असेल तर ‘कू’ आणि ‘मुंग’, आपल्या अरे-तुरेच्याही खालची पायरी. वयानं जरा मोठा असेल तर ‘फी’. शाळेची फी नव्हे, ओठ मिटून सोडायचा फ. फी म्हणजे थोरलं भावंड, पण प्रियकरालाही फीच म्हणतात. २०१६च्या ‘सोटस’मध्ये पहिल्या वर्षाचा काँगपोप तिसऱ्या वर्षाच्या रागीट आर्थितला अखेरपर्यंत फी आर्थितच म्हणतो. आपल्याकडे ज्याला एकदा दादा म्हटलं, त्याचा विषय संपला. तर या मालिकांत पुष्कळदा प्रेमाची कबुली नंतर येते, आधी सर्वनाम बदलतं. कू-मुंगवाला एक दिवस हळूच साधं, मऊ सर्वनाम वापरतो, आणि समोरचा घास चावायचा थांबतो. खाली सबटायटलात ‘यू’ होतं ते ‘यू’च राहतं. मराठी कानाला मात्र ती पायरी बदललेली बरोबर कळते.

मला कळते त्याला कारण आहे. आमचं लग्न प्रेमाचं. डी.एड.ला एकाच वर्गात होतो, तीन वर्षं मी ह्यांना ‘तू’ म्हणत होते. वह्या फेकून मारत होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी एकदाच बघितलं माझ्याकडे, आणि मी ‘अहो’ म्हणाले. ह्यांचं ‘तू’ तसंच राहिलं. पुढे हेच म्हणाले, घरात तरी तू म्हण. पण जीभ वळेना. अजून वळत नाही. त्या पोरांचं सर्वनाम बदलतं तेव्हा सहसा दोघांचं बदलतं, एवढंच मी बघत असते.

सगळंच गोड आहे असं नाही. बऱ्याच मालिकांत दोघांतल्या एकाला ‘मिआ’, म्हणजे बायको, म्हणून चिडवतात, आणि तो गाल फुगवतो. एवढ्या लांब जाऊन पुन्हा बायको शोधलीच, असं म्हणून मी फोन उपडा ठेवते. ‘बॅड बडी’त ते टाळलंय. तिथे दोघं एकमेकांचे ‘फॅन’. हा इंग्रजीतून गेलेला शब्द तिकडे बायकोलाही चालतो, नवऱ्यालाही. जाहिराती तर काय सांगू. जीव वरखाली होत असताना कुणीतरी चिप्सचं पाकीट कॅमेऱ्याकडे तोंड करून धरतो आणि चवीचं वर्णन करतो. आणि त्या नटांच्या जोड्या! मालिका संपली तरी जाहिरातीत, कार्यक्रमांत दोघांनी एकत्रच हसायचं. एखाद्याला खरी मैत्रीण असली तर प्रेक्षकांचा जळफळाट. बिचाऱ्यांची ती एक वेगळीच सासुरवाडी.

आणि तिथेही वास्तव मालिकेच्या मागूनच चाललं होतं. ‘बॅड बडी’च्या शेवटी चार वर्षं उलटतात, दोघं अजून एकत्र असतात, पण आईबापांपुढे वेगळं झाल्याचं सोंग. आईबापांनाही कळलेलं असतं, तेही न कळल्याचं सोंग घेतात. मला तो शेवट सगळ्यांत खरा वाटला. आपल्या घरांत अर्ध्या गोष्टी अशाच चालतात. ती मालिका आली तेव्हा त्या दोघांना लग्न करता आलं नसतं. २३ जानेवारी २०२५ला थायलंडमध्ये कायदा लागू झाला, आता येतं. आपल्याकडे २०१८ला, असं प्रेम गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७च्या कचाट्यातून सुटका झाली, लग्नाला मात्र २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं नाही म्हटलं. स्टाफरूममध्ये एवढं बोलले की लोक चहाचे कप विसळायला उठतात.

गेल्या दिवाळीला अक्का आल्या होत्या. मी बेसनाचे लाडू वळत होते, फोन डब्याला टेकवून ठेवलेला. अक्का ताटाच्या पलीकडे बसून वळू लागल्या, तोंड वाकडं करून. पॅटनं खोलीभर कपडे टाकलेले, प्रान चिडलेला. पंधराएक मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे दोघं एकत्र राहिले तर स्वयंपाक कोण करणार?"

म्हटलं, "तिकडे बरेचदा बाहेरचंच आणतात. मऊ भात, नूडल्स. पिशवीत बांधून मिळतं."

"आणि सणावाराला?"

"तेव्हाही."

अक्कांनी हातातला लाडू ताटात ठेवला, पदराला हात पुसला आणि म्हणाल्या, "जरा मागे घे गं ते. सुरुवातीपासनं लाव."