तुम्ही विचारलंत म्हणून: प्रचाराच्या जाहिराती लिहिणारा मत कशाला देतो

दर निवडणुकीला हा प्रश्न येतोच. "अरे तू तर प्रचाराच्या जाहिराती लिहायचास, आतलं सगळं बघितलंयस, आणि तरी सकाळी सातला रांगेत?" विचारणारे हसत विचारतात, मी पण "सवय आहे हो" म्हणून सुटतो. पण आता कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी एक सांगतो, राजकारणावर विश्वास वगैरे काही परत बसलेला नाही. तुम्ही जेवढे वैतागलात त्याच्यापेक्षा मी जास्तच वैतागलोय, कारण तुम्ही फिल्म बघितली आणि मी ती लिहिली.

२०१४ ची विधानसभा. मी जाहिरात एजन्सीत कॉपी, म्हणजे जाहिरातीतला मजकूर लिहायचो, क्लायंट एक पक्ष. कुठला ते विचारू नका, त्या वर्षी सगळ्यांच्याच फिल्म एकसारख्या होत्या, शेवटचा लोगो बदलला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता. माझ्याकडे पाण्याची फिल्म आली, चाळीस सेकंद. साठीची एक बाई, दारात नळ, नळाला पाणी, ती ओंजळ धरते आणि म्हणते, "आता डोक्यावर हंडा नाही हो." हे वाक्य माझं. मीटिंगमध्ये त्याचं कौतुक झालं होतं आणि मला ते आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू.

शूटला गेलो तर नळ होता, पाइप होता, पण पाइप भिंतीमागे दोन हातांवर संपत होता. पुढे काही नाही. आर्टच्या पोरांनी भिंतीमागे टेबलावर निळा ड्रम चढवला, पाइप जोडला, टँकर सांगितला. मावशी खऱ्या होत्या, त्याच गावच्या, अ‍ॅक्टर नव्हत्या. पहिल्या टेकला त्या ओंजळीतलं पाणी सांडू देईनात, सारख्या हात घट्ट मिटायच्या, आणि डिरेक्टरला तर ओसंडणारं पाणी पाहिजे होतं, म्हणून मी जाऊन त्यांना समजावलं की मावशी, सांडू द्या, भरपूर आहे. सहा टेक झाले. पॅकअपच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "साहेब, त्या पिंपात खाली उरलंय थोडं, घेऊ का?"

घ्या की मावशी, म्हणालो. काय बोलणार होतो?

मतदानाच्या दिवशी मी दुपारपर्यंत झोपलो. महिनाभर रात्री जागून काढल्या होत्या, सुट्टी होती, आणि मला वाटायचं की ज्याला आतलं माहितीय त्याने या तमाशात भाग घेऊ नये, उगाच कशाला. हे मी तेव्हा फार रुबाबात बोलायचो. संध्याकाळी आईचा फोन आला. मत देऊन आली होती, खुशीत होती. म्हणाली, ती नळाची बाई दाखवतात ना टीव्हीवर, तिच्यासाठी दिलं बघ. हात कसे झालेत तिचे, मी वीस वर्षं पाणी वाहिलंय, मला कळतं की ते हात खोटे नाहीत.

आईला मी कुठल्या पक्षाचं काम करतोय हे माहीतच नव्हतं. मी फोनवर गप्प. त्या रात्री सांगितलं नाही, पुढचे आठ महिनेही नाही. सांगितलं ते एकदा भांडणात, तिला गप्प करायला, म्हणजे कबुली वगैरे नव्हे, चिडून. ड्रम, पाइप, सहा टेक, सगळं. मला वाटलं ती रडेल नाहीतर शिव्या देईल. तिने एवढंच विचारलं, "मग तू कुणाला दिलंस मत?"

नव्हतं दिलं, म्हणालो.

"तुला माहीत होतं, आणि तू झोपलास?"

एजन्सी त्यानंतर वर्षभराने सोडली, पण ती या कारणाने सोडली असं मी म्हणणार नाही, दुसरीकडे पगार बरा होता. तर मुद्दा हा की मी मत देतो ते लोकशाहीचा उत्सव म्हणून नाही. ती माझी लाज आहे असं म्हणा हवं तर.

मध्ये नोटाही करून झालं, म्हणजे मशीनवरचं "वरीलपैकी कुणीही नाही" हे बटण. २०१९ च्या लोकसभेला मोठ्या तोऱ्यात नोटा दाबलं. त्याच वर्षी विधानसभेला लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगावमध्ये नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर आला, उरलेल्या सगळ्या उमेदवारांच्या पुढे. मग? पहिल्या नंबरवाला निवडून आला, संपलं. लोकसभा-विधानसभेला नोटा पहिला आला तरी निवडून येणार तो नोटाच्या खालचा उमेदवारच. तरी नोटावाल्यांना मी हसत नाही, २०१३ च्या आधी कुणालाच मत द्यायचं नसेल तर केंद्रावरच्या रजिस्टरमध्ये तशी नोंद करून सही ठोकायला लागायची, सगळ्यांच्या देखत, त्यापेक्षा हे बरं. पण २०२४ ला मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला आणि तिथे नोटाला हजारो मतं होती, हे वाचल्यावर माझा तोरा जरा उतरला.

आता मी काय करतो ते सांगतो, हसू नका. एकही फिल्म बघत नाही. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचतो, फॉर्म २६, निवडणूक आयोगाच्या साइटवर फुकट मिळतं. सुप्रीम कोर्टाने २००२-०३ मध्ये दट्ट्या लावला म्हणून हे सुरू झालं, पक्षांनी हौसेने दिलेलं नाही. पाच वर्षांचं उत्पन्न, जमीन, कर्ज, बायकोच्या नावावर काय, गुन्हे कुठले. मागच्या निवडणुकीचं आणि आताचं शेजारी शेजारी ठेवायचं, खरी गोष्ट तिथे कळते. गुन्ह्यांतही फरक असतो, आंदोलनात जमावबंदी मोडली म्हणून लागलेली केस वेगळी आणि खंडणी वेगळी, नुसता आकडा मोजून काही कळत नाही. यात खोटं लिहिलं किंवा लपवलं तर निदान कायद्यात सहा महिन्यांपर्यंत शिक्षा तरी आहे. माझ्या ड्रमला कुठलं कलम होतं?

आणि एक जाहिरात मात्र आवर्जून वाचतो. केसेस असलेल्या उमेदवाराला त्या पेपरात तीनदा छापाव्या लागतात, २०१८ च्या निकालापासून. आतल्या पानावर, टेंडर नोटिशीच्या शेजारी, रुक्ष भाषेत. कुठल्याही कॉपीरायटरचा हात न लागलेली प्रचारातली ती एकच जाहिरात असेल.

"एवढं वाचून झालं काय?" हा तुमचा पुढचा प्रश्न, माहितीय. काही नाही झालं. २०१९ च्या विधानसभेला मी असंच सगळं वाचून, दोन रात्री घालवून मत दिलं, तो माणूस निवडून आला, आणि पुढे पक्ष फुटला तेव्हा साहेब ज्यांच्या विरुद्ध माझं मत होतं त्यांच्याच शेजारी जाऊन बसले. प्रतिज्ञापत्रात त्याचा रकाना नसतो. त्या आठवड्यात मी आईला म्हणालो की माझा झोपायचा निर्णयच बरोबर होता. अजूनही काही दिवशी तसंच वाटतं. आणि मग आठवतं की २०२२ मध्ये कित्येक महापालिकांची मुदत संपली, पुढची काही वर्षं नुसता प्रशासक होता, तेव्हा तुंबलेल्या गटाराबद्दल कुणाच्या नावाने ओरडायचं हेसुद्धा कळत नव्हतं. वाईट का होईना, नगरसेवकाच्या दारात जाऊन उभं तरी राहता येतं. हा काही फार मोठा युक्तिवाद नाही, पण माझ्याकडे एवढाच आहे.

२०२४ ला मी आईला फोनवर चार प्रतिज्ञापत्रं वाचून दाखवली. तिने सगळं ऐकलं, दोनदा "बायकोचं सोनं किती म्हणालास?" असं विचारलं, आणि मत मी सुचवलेल्याच्या बरोबर विरुद्ध दिलं. कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, तो हक्क मी गमावलाय.

तिने मात्र फोन ठेवताना विचारलं, ती नळाची बाई, तिच्याकडे पाणी आलं का रे नंतर?

मला माहीत नाही. गावाचं नाव शूटच्या जुन्या कॉल शीटवर आहे. दहा वर्षांत एकदाही गेलो नाही.