वर्ड सारखं बंद पडायलंय? लगेच फॉरमॅट मारू नका

सोलापुरात कोर्टाजवळच्या टायपिंगच्या दुकानापासून पूर्व भागातल्या पत्रिका छापणाऱ्यापर्यंत सगळीकडे उपाय एकच: ऑफिस काढा, परत टाका. तरी बंद पडलं की फॉरमॅट. यात अर्धा दिवस जातो आणि बरेचदा दुखणं तसंच राहतं. कारण ऑफिस काढलं तरी नॉर्मल टेम्प्लेट (वर्डच्या कोऱ्या पानाचा साचा), प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि फॉन्ट जागच्या जागी असतात, आणि गडबड बहुतेक वेळा तिथंच असते.

आधी एवढंच ठरवा, बिघाड फाइलमध्ये आहे की मशीनमध्ये? फाइल पेन ड्राइव्हवर असेल तर डेस्कटॉपवर कॉपी करून उघडा. वर्ड आपल्या तात्पुरत्या फाइली मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये बनवतं, त्यामुळे ढिला पेन ड्राइव्ह म्हणजे निम्मं दुखणं. मग कोरं पान उघडून चार ओळी टाइप करा, दुसरी एखादी जुनी फाइल उघडा. तिथं सगळं ठीक चाललं तर दोष त्या एका फाइलचा.

सगळ्याच फाइलींना त्रास असेल तर कंट्रोल की दाबून धरा आणि वर्डच्या चिन्हावर डबल क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडू का असं विचारेल, हो म्हणा. सेफ मोडमध्ये नीट चाललं तर संशय ॲड-इनवर (वर्डला जोडलेल्या बाहेरच्या छोट्या सॉफ्टवेअरवर) किंवा नॉर्मल टेम्प्लेटवर. तिथंही बंद पडलं तर प्रिंटर नाहीतर फॉन्ट, कारण हे दोन्ही सेफ मोडमध्येही सोबत असतातच.

ॲड-इनसाठी फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स. खाली मॅनेजमध्ये कॉम ॲड-इन्स निवडून गो. सगळ्या खुणा काढा, मग एकेक परत लावत वर्ड उघडून बघा. पीडीएफ बनवणारी जुनी सॉफ्टवेअर आणि जुन्या लॅपटॉपवरचं ब्लूटूथचं ॲड-इन हे नेहमीचे गुन्हेगार. नॉर्मल टेम्प्लेट ॲपडेटा या तुमच्या खात्याच्या लपवलेल्या फोल्डरात, रोमिंगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या टेम्प्लेट्स फोल्डरात असतं. वर्ड बंद करून त्याचं नाव बदला, पुसू नका. वर्ड नवीन बनवून घेतं. पण तुमचे मॅक्रो (एका बटणावर होणारी कामं) आणि ऑटोटेक्स्ट (साठवलेला ठरीव मजकूर) जुन्यातच असतात.

प्रिंटरचा संबंध काय, असं बऱ्याच जणांना वाटतं. पानावर ओळ कुठं तुटणार हे ठरवताना वर्ड डिफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारतं. तो प्रिंटर शेजारच्या बंद मशीनवर शेअर केलेला असला की वर्ड उत्तराची वाट बघत बसतं. डिफॉल्ट म्हणून मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ ठेवून बघा. अडकणं थांबलं तर प्रिंटरचा ड्रायव्हर काढून नवा टाका. शिवाय सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट प्रिंटर विंडोजनं ठरवायचा अशी खूण असते, ती काढून टाका. नाहीतर डिफॉल्ट आपोआप बदलत राहतो.

आता फॉन्ट. इथल्या मशीनवर एकाच पत्रिकेत मराठी, तेलुगू, कन्नड आणि कधी उर्दूही लागते, त्यामुळे पाच-सहाशे फॉन्ट सहज साठतात. मंगल, तुंगा, गौतमी हे फॉन्ट विंडोज १० मध्ये आपोआप येतीलच असं नाही, म्हणून लोक ते जुन्या एक्सपीच्या मशीनवरून उचलून आणतात. असं करू नका. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी, कन्नड, तेलुगू अशी सप्लिमेंटल फॉन्टची वेगवेगळी पाकिटं आहेत, ती घ्या. एकच फॉन्ट दोन ठिकाणीही बसलेला असू शकतो: एक विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात, दुसरा फक्त तुमच्या खात्यापुरता, ॲपडेटाच्या लोकलमध्ये. त्यातला एक काढा.

फॉन्टची यादी खाली सरकवताना वर्ड बंद पडतं का? मग खराब फॉन्ट त्या यादीत आहे. बाहेरून आणलेले सगळे फॉन्ट एका फोल्डरात कॉपी करून ठेवा, त्यातले निम्मे अनइन्स्टॉल करा, मशीन रीस्टार्ट करा, बघा. त्रास थांबला तर दोषी काढलेल्या निम्म्यात, नाहीतर उरलेल्यात. सहाशे फॉन्ट असले तरी दहा फेऱ्यांत एकावर येता.

जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टची आणखी एक गंमत. आपल्याला दिसतं मराठी, पण वर्डच्या लेखी ती इंग्रजीच असते. म्हणजे प्रत्येक शब्द चुकीचा. दोनशे पानांच्या प्रबंधात स्पेलिंग तपासता तपासता वर्ड दमतं, आणि नॉट रिस्पॉन्डिंग दिसलं की लोक टास्क मॅनेजरमधून त्याला मारतात. सगळा मजकूर सिलेक्ट करा, रिव्ह्यूमध्ये लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज, आणि स्पेलिंग-व्याकरण तपासू नको या चौकटीत खूण करा. फरक लगेच दिसतो.

तरी सापडत नसेल तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, उघडा. विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन, तिथली लाल एरर. फॉल्टिंग मॉड्यूल नेम, म्हणजे कोणत्या तुकड्यात बिघाड झाला त्याचं नाव, अशी ओळ असते. तिथं एनटीडीएलएल ही विंडोजचीच फाइल दिसली तर काही बोध होत नाही. पण प्रिंटर कंपनीच्या किंवा टायपिंग सॉफ्टवेअरच्या डीएलएलचं (सॉफ्टवेअरच्या एका भागाच्या फाइलचं) नाव दिसलं तर चोर जवळपास सापडलाच.

दोष फाइलचाच निघाला तर आधी तिची कॉपी करा. मग वर्डच्या ओपन खिडकीत फाइल निवडून ओपन बटणाशेजारचा बाण दाबा, ओपन अँड रिपेअर घ्या. जमलं नाही तर लिबर ऑफिसमध्ये उघडून नव्या नावानं सेव्ह करा. वर्ड जिथं अडतं तिथून ते कधी कधी निघून जातं. फाइल उघडते पण मध्येच मरते, अशी असेल तर होम टॅबवरचं परिच्छेदाचं चिन्ह चालू करा आणि अगदी शेवटचं चिन्ह सोडून बाकी सगळं नव्या फाइलीत कॉपी करा. फाइलीच्या मांडणीची बरीच माहिती त्या शेवटच्या चिन्हात असते, आणि बिघाडही तिथंच लपतो. सेक्शन ब्रेक असतील तर तुकड्या-तुकड्यानं, ब्रेक वगळून न्या. काहीच उघडत नसेल तर लक्षात ठेवा, डॉकएक्स (वर्डची नेहमीची फाइल) हे मुळात झिपच असतं. एक्स्टेन्शन बदलून झिप करा. आत वर्ड नावाच्या फोल्डरात मीडियामध्ये फोटो मिळतात आणि डॉक्युमेंट नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये मजकूर. तो नोटपॅडमध्ये टॅगांच्या गर्दीत दिसतो, पण दिसतो.

यूपीएस नसलेल्या मशीनवर सेव्ह होत असतानाच लाइट गेली तर फाइल अर्धवट लिहिली जाते. ऑटोरिकव्हर, म्हणजे वर्डनं मध्येमध्ये आपोआप प्रत राखून ठेवणं, मुळात १० मिनिटांवर असतं. ऑप्शन्समधल्या सेव्हमध्ये जाऊन २ करा. तरी काम गेलंच तर फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंटमध्ये रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स बघा, आणि सापडलेली फाइल लगेच दुसऱ्या नावानं सेव्ह करा.