सेन्सर बदलण्याआधी टाकीचं झाकण उघडा

डीईएफ म्हणजे डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी. त्याचा दिवा लागून ट्रक वर्कशॉपला आला की मला दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ड्रायव्हर म्हणतो, "टाकी तर भरलेली आहे, मॅडम." मिस्त्री म्हणतो, "नॉक्स सेन्सर गेला असणार." (नॉक्स म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड, हा सेन्सर ते मोजतो.) दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. तरी मी नवीन सेन्सर मागवत नाही. आधी टाकीचं झाकण उघडायला सांगते.

एससीआर म्हणजे डीईएफ वापरून धुरातला नॉक्स कमी करणारी यंत्रणा. स्कॅनरवर 'एससीआर कार्यक्षमता कमी' असा कोड दिसतो तेव्हा त्यात आजाराचं नाव नसतं, फक्त तक्रार असते. एक्झॉस्टमध्ये डीईएफचा फवारा पडतो, उष्णतेनं त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि कॅटॅलिस्टमध्ये तो नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर करतो. कॅटॅलिस्टच्या आधी एक सेन्सर, नंतर एक. मागचा आकडा पुरेसा उतरला नाही की कॉम्प्युटर ओरडतो. आता तो का उतरला नाही? डीईएफ पातळ असेल, फवाऱ्याचं नोझल अर्धवट चोंदलं असेल, एक्झॉस्ट थंड असेल, पाइपच्या जोडातून गळती असेल, नाहीतर इंजिनच जास्त नॉक्स सोडत असेल. त्यात मागच्या सेन्सरला अमोनिया आणि नॉक्स यांतला फरक नीट कळत नाही. फवारा जास्त झाला, तरी तो नॉक्स वाढल्यासारखंच दाखवतो. सेन्सर बिचारा खरं सांगत असतो आणि बदलला जातो तोच.

म्हणून पहिली तपासणी रिफ्रॅक्टोमीटरची, म्हणजे पाण्यात युरिया किती आहे ते दाखवणाऱ्या उपकरणाची. टाकीतला एक थेंब काचेवर टाकायचा आणि आकडा वाचायचा. युरिया 32.5 टक्के हवा, बाकी सगळं खनिजविरहित पाणी. हे प्रमाण उगाच ठरलेलं नाही. याच प्रमाणात हे मिश्रण सर्वांत कमी तापमानाला, उणे 11 अंशांला गोठतं. युरिया वाढवा किंवा पाणी वाढवा, ते त्याआधीच गोठायला लागतं. आयएसओ 22241 हे मानक 31.8 ते 33.2 टक्क्यांपर्यंत चालवून घेतं. आकडा खाली असेल तर कुणीतरी पाणी घातलंय किंवा माल जुना आहे. 30 अंशांत ठेवलेला डीईएफ साधारण वर्षभर टिकतो, 35 अंशांत जेमतेम सहा महिने. पत्र्याच्या शेडखाली भर उन्हात कॅन रचून ठेवणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

आकडा बरोबर आला म्हणून सुटलो असंही नाही. खताचा युरिया नळाच्या पाण्यात घोळला तरी रिफ्रॅक्टोमीटर खुशाल 32.5 दाखवतो. पाण्यातला कॅल्शियम आणि खतातली भेसळ त्याला दिसत नाही, कॅटॅलिस्टला मात्र ती पुरेपूर भोगावी लागते. डिझेल ओतायचं नरसाळं डीईएफला वापरणं हा दुसरा प्रकार. डिझेलच्या थोड्याशा तवंगानंही आतले रबरी सील फुगतात, आणि मग पंप, फिल्टर, नोझल सगळंच उघडावं लागतं. भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा प्लास्टिकचं, फक्त डीईएफसाठी ठेवलेलं. जस्ताची बादली आणि पितळी तोटी या कामाला अजिबात नको.

मग पांढरी पूड. नोझलभोवती किंवा एक्झॉस्टमध्ये फवारा मिसळणाऱ्या मिक्सरवर ती जमली असेल तर ट्रक बहुधा तासन् तास आयडलिंगवर उभा राहतो किंवा छोट्या फेऱ्या मारतो. एक्झॉस्ट साधारण 200 अंशांच्या वर गेल्याशिवाय युरिया नीट फुटत नाही, अर्धवट राहतो आणि दगडासारखा चिकटतो. ताजी पूड कोमट शुद्ध पाण्यात विरघळते. जळून कडक झालेली विरघळत नाही. तेव्हा स्क्रूड्रायव्हरनं खरवडायचा मोह होतो, पण नोझलची भोकं बारीक असतात, ती बिघडली की फवाऱ्याच्या जागी धार पडते. नोझल काढून स्कॅनरनं डोसिंग टेस्ट लावायची आणि मोजपात्रात किती पडलं ते बघायचं. अंदाजापेक्षा ही मोजणी कधीही बरी.

वायरिंगचे कपलर उघडून बघायला विसरू नका. डीईएफ वायरच्या तारांमधून वातीतल्या तेलासारखा चढतो आणि गळतीपासून बऱ्याच अंतरावर हिरवट-पांढरा गंज करून बसतो. तिथे नवीन सेन्सर जोडला तरी तोच कोड परत येतो.

टाकीला हात लावून बघायची सवयही चांगली. थंडीत डीईएफ वितळावा म्हणून इंजिनचं कूलंट टाकीतून फिरवलं जातं, आणि त्याला एक व्हॉल्व्ह असतो. तो उघडाच अडकला तर भर उन्हाळ्यातही टाकी तापत राहते, अमोनियाचा वास सुटतो आणि चांगला माल टाकीतच बिघडतो. या व्हॉल्व्हकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून मी तो मुद्दाम तपासते.

ड्रायव्हर लोकांशी माझं भांडण फक्त मास्टर स्विचवरून, म्हणजे बॅटरी तोडणाऱ्या स्विचवरून होतं. चावी काढल्यावरही बऱ्याच गाड्यांत पंप थोडा वेळ चालू राहतो, नळ्यांमधला डीईएफ टाकीत परत ओढून घेतो. त्याच क्षणी बॅटरी तोडली की तो नळीत आणि नोझलमध्येच राहतो, सुकतो, गोठतो. आवाज थांबेपर्यंत थांबा, एवढंच मागणं आहे.

सगळी यंत्रणाच बंद करून कॉम्प्युटरला खोटे आकडे देणारी डबी लावा, असा सल्लाही मिळतो. माझ्या गाड्यांना ती लागणार नाही. बेकायदा आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे त्या डबीनंतर खरा बिघाड कुठला हे कुणालाच शोधता येत नाही.

दुरुस्तीनंतर दिवा लगेच जाईल, असं मात्र धरून चालू नका. कोड पुसला तरी बऱ्याच गाड्या इंजिनची ओढ कमी केलेलीच ठेवतात, कारण कॉम्प्युटरला स्वतः तपासून खात्री करायची असते. त्यासाठी एक्झॉस्ट तापलेला हवा. लोड घालून, स्थिर वेगानं लांब पल्ला मारायचा किंवा स्कॅनरवरून एससीआर चाचणी उभ्या गाडीवर चालवायची. एवढं करूनही कोड परत आला, तर आता पुढच्या आणि मागच्या सेन्सरचे आकडे शेजारी-शेजारी लावून बघा, आणि मगच नव्या सेन्सरची ऑर्डर द्या.